वाळवंटात सायकलचा रस्ता कुणी केला?

"तुझा विषय सायकल ना? मग तू पहिल्या महायुद्धातल्या पलटणींच्या याद्या काय वाचत बसली आहेस?" गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. नातेवाइकांनी विचारलाय, कासारवाडीतल्या शेजाऱ्यांनी विचारलाय, आणि थोड्या वेगळ्या शब्दांत मार्गदर्शकांनीही विचारलाय. आजची पोस्ट म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. थोडं लांबचं आहे. ऑस्ट्रेलियातून निघून इराक, ओमान करत आपल्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर यायचंय. पण मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगून टाकते.

सायकलचा इतिहास आपण नेहमी सायकल चालवणाऱ्याच्या बाजूने लिहितो. कोण निघालं, किती किलोमीटर गेलं, किती दिवसांत पोचलं. पण सायकल ही फार परावलंबी वस्तू आहे. घोडा शेतातून जातो, माणूस काट्याकुट्यातून चालतो. सायकलला मात्र आधी कुणीतरी वाट करून ठेवलेली लागते. आणि ही गोष्ट सगळ्यात स्पष्ट कुठे दिसते? जिथे वाटच नाही असं आपल्याला वाटतं तिथे. म्हणजे वाळवंटात.

वाळूत सायकल चालते कशी?

आधी साधं यंत्रशास्त्र. सायकलस्वाराचं सगळं वजन दोन टायरांच्या जमिनीला टेकलेल्या दोन छोट्या पट्ट्यांवर पडतं. डांबरावर ही चैन आहे, कारण घर्षण कमी. मऊ वाळूत हीच गोष्ट शाप होते. अरुंद टायर सुरीसारखं आत जातं, पुढचं चाक वळतं आणि स्वार आडवा. म्हणून वाळूसाठी रुंद टायर आणि कमी हवा लागते. आज ज्याला 'फॅट बाइक' म्हणतात, तिचं टायर जवळजवळ १० सेंटीमीटर रुंद असतं. या सायकली दोन ठिकाणच्या खटपटीतून आल्या: अलास्कातला बर्फ आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडची वाळू. बाजारात त्या सहज मिळायला लागल्या २००५च्या सुमारास.

त्याआधीची सायकल म्हणजे लोखंडी सांगाडा आणि अरुंद टायर. डनलॉपचं हवा भरलेलं टायर १८८८ सालचं. त्यानंतर जगभर सायकलचं वेड पसरलं आणि लोक वाळवंटातही सायकली घेऊन गेले. अरुंद टायर घेऊन वाळूत जायचं तर एकच मार्ग होता: कुणीतरी दाबून घट्ट केलेली जमीन शोधायची.

उंटांच्या पायांखालची वाट

पश्चिम ऑस्ट्रेलियात कूलगार्डीला १८९२ मध्ये सोनं सापडलं. बघता बघता रखरखीत प्रदेशात हजारो माणसं येऊन पडली. रेल्वे नाही, तार नाही, पाणी तर नाहीच. घोड्याला दिवसाला बादल्याच्या बादल्या पाणी लागतं. सायकलला तेलाचे चार थेंब. त्यामुळे या गावांत सायकल लवकर रुळली. निरोप्ये सायकलवरून पत्रं आणि तारा पोचवायचे, कामगार एका खाणीवरून दुसरीवर सायकलने जायचे.

१८९६च्या अखेरीस आर्थर रिचर्डसन नावाच्या माणसाने कूलगार्डीहून निघून नलारबरचं मैदान ओलांडलं आणि ३१ दिवसांत ॲडलेड गाठलं. ऑस्ट्रेलियाच्या सायकल इतिहासात हा मोठा पराक्रम मानला जातो, आणि तो आहेच. पुढे १८९९-१९०० मध्ये त्याने अख्ख्या खंडाला सायकलवरून फेरी मारली. पण नलारबर ओलांडताना त्याला वाट कुणी दाखवली? तारेच्या खांबांनी. ती तार ओढणाऱ्या मजुरांनी आधीच तो पट्टा पायाखाली घातला होता.

आणि सोन्याच्या मुलखातल्या रोजच्या सायकलवाटा? त्या उंटांच्या. उंटाचा पाय मऊ, पसरट आणि गादीसारखा असतो. एकामागोमाग एक उंट जात राहिले की वाळू दाबली जाऊन एक अरुंद, गुळगुळीत पट्टी तयार होते. सायकलस्वारांना ती खडी टाकलेल्या रस्त्यापेक्षाही आवडायची. हे उंट आले कुठून? १८६०पासून पुढच्या काही दशकांत सुमारे २० हजार उंट ऑस्ट्रेलियात आणले गेले, आणि त्यांच्याबरोबर त्यांना हाकणारी माणसं. ऑस्ट्रेलियात या सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत. प्रत्यक्षात त्यातले बरेच जण बलुचिस्तान, सिंध, पंजाब, काश्मीर अशा भागांतले होते, म्हणजे आपल्याच वसाहती हिंदुस्थानातले किंवा त्याच्या कडेचे.

त्यांनी पाणी वाहिलं, तारेचे खांब वाहिले, रेल्वेचे रूळ वाहिले. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाने गोऱ्यांव्यतिरिक्त इतरांना देशाबाहेर ठेवणारा कायदा केला आणि ज्यांनी वाटा पाडल्या त्यांच्यासाठीच दार बंद झालं. सायकलस्वाराचं नाव उरलं. उंटवाल्यांच्या नावाने एक आगगाडी उरली, 'द घान', तीही त्या चुकीच्या सरसकट नावाने.

इथे मला माझ्या प्रबंधाचा प्रश्न सापडला. तो घेऊन मी मुंबईकडे वळले.

मुंबईचे सहा जण

१५ ऑक्टोबर १९२३. मुंबईतल्या बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले: आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमन कापडिया. जग बघायचं आणि जगाला हिंदुस्थानची ओळख करून द्यायची, हा त्यांचा हेतू. पंजाब, बलुचिस्तान, इराण, इराक, सीरिया, मग युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, सयाम, ब्रह्मदेश असं करत १८ मार्च १९२८ रोजी ते परतले. पण परतले तिघेच: हकीम, बापासोला आणि भुमगरा. कापडिया तेहरानहूनच मागे फिरले, हाथीराम अमेरिकेत राहिले, आणि पोचखानवालाही तिथून घरी आले. तिघांनी मिळून सुमारे ७१ हजार किलोमीटर सायकल चालवली. १९३१ मध्ये त्यांचं इंग्रजी प्रवासवर्णन प्रसिद्ध झालं.

ते एकटे नव्हते. फ्रामरोज दावर हे क्रीडा पत्रकार १९२४ मध्ये मुंबईहून एकटेच निघाले. व्हिएन्नात त्यांना गुस्ताव श्तावयानिक हा ऑस्ट्रियन जोडीदार मिळाला आणि दोघांनी सायकली घेऊन सहारा ओलांडलं. दावर १९३१ मध्ये परतले आणि सहारावर त्यांनी एक स्वतंत्र पुस्तक लिहिलं. पुढे १९३३ मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे तिघे निघाले, ते थेट १९४२ मध्ये घरी आले.

ही माणसं खरोखर अचाट होती. मागे मदतीची गाडी नाही, खिशात फारसे पैसे नाहीत, पासपोर्ट गुलाम देशाचा. सायकलवरून जगभर फिरलेल्या पहिल्या हिंदी माणसांचं नाव काढलं की आपण यांच्याबद्दल अभिमानाने बोलतो, आणि बोलावंच. अलीकडे त्यांच्यावर पुन्हा लिहिलं जातंय, त्यांची पुस्तकं पुन्हा वाचली जातायत, ही चांगलीच गोष्ट आहे.

या पहिल्या तुकडीच्या प्रवासातला एक टप्पा सगळे सांगतात: बगदाद ते अलेप्पो, मेसोपोटेमियाचं वाळवंट, सुमारे ९५६ किलोमीटर, २३ दिवसांत. ऊन, वाळूची वादळं, कोरडा घसा. मी हा टप्पा वाचला तेव्हा नकाशा काढून बसले आणि ऑस्ट्रेलियातलाच प्रश्न इथे विचारला: या वाटेवरून त्यांच्या आधी कोण गेलं होतं?

पूना डिव्हिजन

उत्तराला फार लांब जावं लागलं नाही. कासारवाडीहून दापोडी, पूल ओलांडून बोपोडी आणि मग खडकी. अर्ध्या तासाचं सायकलचं अंतर.

१९१४ मध्ये युद्ध पेटल्यावर इंग्रजांनी इराकमध्ये, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात, जे पहिलं मोठं सैन्य उतरवलं त्याचं नाव होतं सहावी (पूना) डिव्हिजन. नाव पुण्याचं असलं तरी तीत पंजाबी, राजपूत, गुरखे आणि गोऱ्या पलटणीही होत्या. पण तीत १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा या तीन पलटणीही होत्या. सातारा, रत्नागिरी, पुणे, कोल्हापूरकडचे शेतकऱ्यांचे पोरगे. आणि पूल बांधायला, खंदक खणायला खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्या होत्या.

हे सैन्य नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने वर चढलं, बगदादच्या अलीकडे अडलं आणि मागे हटत कुत-अल-अमारा या गावात वेढलं गेलं. वेढा १४७ दिवस चालला. अन्न संपलं, घोडे कापून खाल्ले गेले. धर्मामुळे अनेक हिंदी शिपायांनी ते खायला बराच काळ नकार दिला. २९ एप्रिल १९१६ रोजी सेनापती टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या ताब्यात गेली. त्यात सुमारे सात हजार हिंदी शिपाई होते, आणि तीन हजारांवर बिनलढाऊ: भिस्ती, स्वयंपाकी, डोलीवाले, मोतद्दार.

टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात ठेवलं गेलं. शिपायांना चालवलं गेलं. कुतहून बगदाद, बगदादहून समारापर्यंत रेल्वे, आणि तिथून पुढे पायी: तिक्रित, मोसुल आणि मग पश्चिमेला वाळवंटातून रास-अल-ऐन. उपाशी, आजारी माणसं, फाटके बूट, उन्हाळ्याचे दिवस. वाटेत पडेल तो मागे राहिला. जे पोचले त्यातल्या बऱ्याच हिंदी कैद्यांना रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं गेलं. ही रेल्वे अलेप्पोकडून बगदादकडे यायची होती आणि मधला मोठा तुकडा अजून व्हायचा होता.

म्हणजे बगदादहून अलेप्पोच्या दिशेने आपल्याकडची दोन तुकड्यांची माणसं गेली. एक १९१६ मध्ये, कैदी म्हणून, पायी. दुसरी त्यानंतर दहा वर्षांच्या आत, सायकलवर, प्रवासी म्हणून. दोघांची वाट पावलापावलाने एकच होती असं मी म्हणत नाही. कैदी टायग्रिसच्या काठाने मोसुलकडे गेले, तर अलेप्पोचा जुना व्यापारी मार्ग युफ्रेटिसच्या काठाने जातो. पण दिशा एक, वाळवंट एक, ऊन एक.

युफ्रेटिसच्या त्या मार्गावर देर-एझ-झोर हे गाव लागतं. १९१५-१६ मध्ये तुर्की सरकारने लाखो आर्मेनियन लोकांना घरांतून काढून याच वाळवंटाकडे हाकललं, आणि देर-एझ-झोर हे त्या मरणयात्रेचं शेवटचं ठिकाण होतं. आपल्या कैद्यांनीही हे पाहिलं. शिशिर सर्वाधिकारी हा बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधला साधा शिपाई कुतला पकडला गेला आणि रास-अल-ऐनला पोचला. त्याने डायरीचे तुकडे बुटात लपवून वाचवले आणि पुढे बंगालीत 'अभि ले बगदाद' हे पुस्तक लिहिलं. आर्मेनियन लोकांचं काय झालं हे त्यात आहे.

तेव्हा त्या 'निर्जन' वाळवंटाकडे पुन्हा एकदा बघा. निर्जन म्हणजे तिथे कधी कुणी नव्हतं असं नाही. तिथली माणसं नुकतीच मेली होती.

साम्राज्याने पाडलेल्या वाटा

आता रस्त्याकडे येऊ. युद्ध संपलं, इराक इंग्रजांच्या ताब्यात आणि सीरिया फ्रेंचांच्या ताब्यात गेला. १९२१ मध्ये इंग्रजी विमानदलाने कैरो-बगदाद टपाल सुरू केली आणि वैमानिकांना दिशा कळावी म्हणून वाळवंटात मैलोनमैल चाकोरी, काही ठिकाणी तर नांगराची तास, ओढून ठेवली. ऑक्टोबर १९२३ मध्ये नेर्न या न्यूझीलंडच्या दोन भावांनी बगदाद-दमास्कस मोटारसेवा सुरू केली. महिना लक्षात घ्या: आपले सहा जण मुंबईहून निघाले तोच. बलुचिस्तानच्या बाजूलाही तसंच. क्वेट्याहून नुश्कीमार्गे इराणच्या हद्दीतल्या दुझदापपर्यंत, म्हणजे आजच्या झाहेदानपर्यंत, रेल्वे १९२२ मध्ये पोचली होती. तिचा मोठा भाग युद्धाच्या गरजेपोटी घाईघाईने झाला होता. इराणात तारेची लाइन तर १८६०च्या दशकापासून होती.

१९२३ मध्ये सायकलवरून पश्चिम आशिया ओलांडता येणं हे योगायोगाने घडलं नाही. दहा वर्षं आधी हे फार अवघड गेलं असतं. युद्धाने त्या भागात पूल, चौक्या, विहिरी, तारा आणि चाकोऱ्या केल्या. आणि ते काम कुणी केलं? हिंदुस्थानातून नेलेल्या मजूर तुकड्यांनी, हमालांनी, सॅपर्सनी. ते बसऱ्याच्या धक्क्यावर राबले, रूळ टाकत राबले.

याने पारशी सायकलस्वारांचा पराक्रम कमी होतो का? माझ्या मते नाही. चाकोरी असली तरी पॅडल त्यांनाच मारावं लागलं, तहान त्यांनाच लागली. पण त्यांच्या कथेला एक तळमजला आहे आणि आपण कायम वरच्या मजल्यावरूनच फोटो काढतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

नावं आणि आकडे

या तळमजल्याचं एक स्मारक आहे. १९२९ मध्ये बसऱ्याला एक मोठं स्मारक उभं राहिलं: मेसोपोटेमियात मेलेल्या, पण ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४० हजारांहून जास्त सैनिकांचं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. पण हिंदी शिपायांची? पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. नाव नाही. अमुक पलटणीचे इतके.

२०२१ मध्ये या स्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगानेच एक अहवाल काढून मान्य केलं की हे असं झालं, ठरवून झालं, आणि त्यामागे वंशभेदाची दृष्टी होती. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या आदेशाने ते स्मारक मूळ जागेवरून हलवलं गेलं आणि शहरापासून ३२ किलोमीटरवर, नासिरियाच्या रस्त्याला नेऊन ठेवलं. आता ते खरंच वाळवंटात आहे.

आपल्याकडेही तसंच. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत चावडीवर किंवा देवळाजवळ एक छोटी शिळा असते: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात असा आकडा ४६ आहे. आकडा आहे, नाव नाही.

एका बाजूला सहा सायकलस्वार. सहाही जणांची नावं आपल्याला माहीत आहेत, अर्ध्यातून परतलेल्यांचीसुद्धा. दुसऱ्या बाजूला हजारो माणसं, आकड्यांत. हा फरक धाडसाचा नाही. सायकलस्वार शहरातले, शिकलेले, इंग्रजीत लिहू शकणारे होते, आणि त्यांनी परत येऊन पुस्तक केलं. म्हणून मी पलटणींच्या याद्या वाचत बसते.

आजचं वाळवंट

हे जुनं झालं, आता काय त्याचं, असं वाटत असेल तर आजच्या वाळवंटी शर्यती बघा. कतारमध्ये २००२ पासून, ओमानमध्ये २०१० पासून, दुबईत २०१४ पासून मोठ्या सायकल शर्यती भरू लागल्या. २०१६ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा दोह्यात झाली. २०१९ मध्ये दुबई आणि अबू धाबीच्या शर्यती मिळून 'यूएई टूर' झाली, २०२० मध्ये सौदी अरेबियाही आला. मोरोक्कोत २००६ पासून माउंटन बाइकवाल्यांची 'टायटन डेझर्ट' असते: सहा टप्पे, सुमारे ६०० किलोमीटर. शिवाय दुबईच्या अल कुद्रा भागात वाळूतून जाणारा ८० किलोमीटरहून लांब खास सायकलमार्ग आहे. पिंपरी-चिंचवडमधूनही आता हौशी मंडळी सुट्टी काढून, सायकल खोक्यात बांधून तिकडे जातात.

जाहिरातीतलं चित्र सगळीकडे सारखंच असतं: दोन्हीकडे वाळूच्या टेकड्या, मधून काळीभोर डांबरी रेघ आणि त्यावर एकटा सायकलस्वार. ती डांबरी रेघ कुणी ओढली ते चित्रात नसतं. आखाती देशांतली रस्त्यांची कामं करणारे मजूर बहुतेक भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळचे. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांत 'दुबईला असतो' हा शब्द रोजचा आहे.

एक तपशील मला बोलका वाटतो. यूएई टूर फेब्रुवारीत होते, कारण तेव्हा हवा बरी असते. २०१५ मध्ये ओमानच्या शर्यतीत वाळूचं वादळ आलं, मग उष्णतेने उतारावर टायर फुटायला लागले. सायकलपटूंनी नकार दिला आणि तो टप्पा रद्द झाला. पुढच्या वर्षापासून जागतिक संघटनेने खराब हवामानात शर्यत थांबवण्याची नियमावलीच आणली. हे योग्यच झालं. त्याच यूएईत उघड्यावर काम करणाऱ्या मजुरांसाठीही नियम आहे: १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन काम बंद. अडीच तास. सायकलपटूला उन्हाळा टाळता येतो, मजुराला फक्त दुपार.

आणि आपला रस्ता

आता घरी येऊ. कासारवाडीला वाळवंट नाही, पवना आहे. पण कासारवाडीतून जो रस्ता जातो त्याला हाच प्रश्न विचारता येतो.

बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात खुला झाला. त्याच घाटातल्या रेल्वेच्या कामावर १८६१च्या सुमारास एका वेळी ४० हजारांहून जास्त मजूर होते. पटकी आणि तापाने त्यातले हजारो गेले. त्या घाटातून १९४५ पासून मुंबई-पुणे सायकल शर्यत सुरू झाली. घाट पहिला चढणारा 'घाटाचा राजा'. त्याचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं, आणि रस्त्याच्या दुतर्फा लोक पाणी घेऊन उभे राहायचे.

त्याच रस्त्यावर वर्षाचे उरलेले दिवस दुसरे सायकलस्वार असायचे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६०च्या दशकात एमआयडीसी, आकुर्डीला बजाज, मग टेल्को. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. हे सगळं औद्योगिक शहर आधी सायकलवर चाललं. पहिल्या पाळीचे लोक अंधारात निघायचे, हँडलला डबा, कॅरिअरला रेनकोट. भोंगा झाला की गेटमधून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. घरातल्या मोठ्यांना विचारा, हे चित्र त्यांना आठवतं. त्यांच्यातल्या कुणालाही तुम्ही 'सायकलस्वार' म्हटलंत तर हसतील. ते कामाला चालले होते.

पुढे सायकलची स्कूटर झाली, रस्ता रुंद झाला, मधे ग्रेड सेपरेटर आले, नाशिक फाट्याला दुमजली पूल आला, डोक्यावर मेट्रो आली, आणि या सगळ्यांत सायकलला जागा राहिली नाही. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, एकूण ४३७ किलोमीटर. तिच्यासाठी रस्ते नव्याने गुळगुळीत झाले. मला शर्यत आवडली, गर्दीत उभी राहून टाळ्याही वाजवल्या. पण तोच गुळगुळीत रस्ता रोज सायकलने कामावर जाणाऱ्या सुरक्षा रक्षकासाठी, घरकामाच्या बाईसाठी झाला असता का, हा प्रश्न टाळ्यांबरोबर मनात होताच. शर्यतीसाठी खड्डे बुजतात, पाळीसाठी बुजत नाहीत. माझा प्रबंध थोडक्यात या वाक्याबद्दल आहे.

एक विनंती

अशा संशोधनाची अडचण अशी की कामावर जाणाऱ्याने पुस्तक लिहिलेलं नसतं. त्यामुळे मी छोट्या वस्तू शोधते. सायकलच्या कराचा पत्र्याचा बिल्ला. कंपनीच्या सायकल स्टँडचं टोकन. पगाराच्या पावतीवरची सायकल ॲडव्हान्सची कपात. सायकल दुकानाची उधारीची वही. माळ्यावर, ट्रंकेत असं काही असेल तर फेकू नका. फोटो काढून पाठवलात तरी पुरे.

आणि एक खास. घरात आजोबा-पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं एखादं पदक असेल तर ते नुसतं पुढून-मागून पाहू नका. त्याची कड उजेडात धरा. इंग्रजांनी त्या युद्धाची जी पदकं दिली त्यांच्या कडेवर बहुतेकदा शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, बारीक रोमन अक्षरांत. बसऱ्याच्या भिंतीवर जे लिहिलं नाही, ते तिथे मिळू शकतं.